सोलापूर : सेक्स-पॉझिटिव्ह स्त्रीवाद आणि पॉर्नचा वाद, तीन बैठकांसाठी काय वाचावं?

विडीघरकुल_वाचिका
आमच्या महिला वाचन गटात पंधरा-सोळा जणी आहेत. शिक्षिका, दोन नर्स, एक वकील, पूर्व भागातल्या काही तेलुगू बोलणाऱ्या. श्रावणानंतर दीड-दीड तासाच्या तीन बैठका या विषयावर घ्यायच्या ठरल्या आहेत. इंग्रजी सगळ्यांना झेपत नाही. कुठून सुरुवात करावी, काय टाळावं, आणि कायद्याची अडचण येईल का?

सातरस्ता
ताई, सुरुवात पॉर्नविरोधी स्त्रीवाद्यांच्या बाजूनं करा. बहुतेक गट इथंच चुकतात. 'सेक्स-पॉझिटिव्ह' म्हणजे 'पॉर्न चांगलं' असा समज घेऊन बसतात आणि पहिल्या वीस मिनिटांत दोन तट पडतात. बाईच्या लैंगिक सुखाला लाज न मानता तिची निवड मानणारा स्त्रीवाद, एवढाच त्याचा अर्थ. ही चळवळ पॉर्नच्या कौतुकातून निघालेली नाही. १९७०च्या दशकाअखेर अमेरिकेत 'विमेन अगेन्स्ट पोर्नोग्राफी'सारख्या संघटना उभ्या राहिल्या, त्यांना उत्तर देताना ती घडली.

पहिली बैठक : अँड्रिया ड्वॉर्किन आणि कॅथरीन मॅकिनन, या दोघी अमेरिकन पॉर्नविरोधी स्त्रीवादी. दोघींनी १९८३ साली मिनिआपोलिस या अमेरिकन शहरासाठी स्थानिक कायद्याचा मसुदा लिहिला. तो फौजदारी बंदीचा नव्हता. पॉर्नमुळे जिचं नुकसान झालं तिला बनवणाऱ्यावर आणि विकणाऱ्यावर दिवाणी दावा लावता यावा, अशी ती तरतूद होती. 'त्या बंदी मागत होत्या' असं कुणी म्हणालं की तिथंच थांबवून हे सांगा. महापौरांनी नकाराधिकार वापरला. १९८४ला इंडियानापोलिस शहरानं तसाच कायदा केला, १९८५ला अपील न्यायालयानं तो रद्द ठरवला. गंमत म्हणजे, अशा चित्रणानं बायकांचं दुय्यमत्व टिकतं हे न्यायालयानं मान्य केलं होतं. तरीही कुठला विचार चालेल हे सरकारनं ठरवू नये, म्हणून कायदा पडला. हा एक परिच्छेद मराठीत करून हातात द्या, अर्धा तास नुसता त्यावर जाईल.

कस्तुरबा_मंडई
+१. दुसऱ्या बैठकीला सेक्स-पॉझिटिव्ह बाजूच्या एलेन विलिस आणि गेल रुबिन घ्या. विलिसबाईंचा १९८१चा लेख छोटा आहे, मराठीत सांगायला सोपा. 'चांगली बाई कामुक नसते' ही जुनीच शिकवण नव्या भाषेत परत येतेय, असा त्यांचा आक्षेप. रुबिनचा १९८४चा 'थिंकिंग सेक्स' लांब आहे, सगळा वाचू नका. त्यातला वर्तुळाचा भाग पुरे : मधल्या वर्तुळात लग्नातला, मूल होण्यासाठीचा, घरातल्या चार भिंतींतला संभोग, बाहेरच्या वर्तुळात बाकी सगळं. फळ्यावर दोन वर्तुळं काढा आणि आपल्याकडं आत कोण, बाहेर कोण ते भरायला सांगा. विधवा कुठं? जातीबाहेर लग्न केलेली कुठं? चर्चा आपोआप रंगते.

२४ एप्रिल १९८२ची न्यूयॉर्कच्या बार्नार्ड कॉलेजची स्त्रीवादी परिषदही सांगा. कॅरोल व्हान्स समन्वयक होत्या. विषय एवढाच, की बाईच्या लैंगिकतेत धोकाही आहे आणि सुखही, दोन्ही एकत्र बोलू. परिषदेआधीच कॉलेजनं छापून तयार असलेली परिषदेची पुस्तिका, 'डायरी', जप्त केली. दारात पॉर्नविरोधी स्त्रीवादीच निदर्शनं करत होत्या, आणि त्यांच्या पत्रकात काही जणींवर नाव घेऊन टीका होती. आपसातला वाद किती विखारी झाला ते यावरून कळतं.

हुतात्मा_चौक
एक भर. सेन्सॉरशिपविरोधी स्त्रीवाद्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा कॅनडातून येतो. १९९२ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं बटलर खटल्यात अश्लीलतेची व्याख्या बाईच्या अपमानाला जोडली. पॉर्नविरोधी बायकांना विजय वाटला. पुढं टोरंटोतल्या ग्लॅड डे या समलिंगी पुस्तकदुकानावर खटला झाला, तोही लेस्बियन बायकांनी काढलेल्या मासिकावरून. अश्लीलतेची मोजपट्टी कुणाच्या हातात दिली, हे आधी बघावं लागतं.

आणि हे परक्याचं भांडण वाटू देऊ नका. र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य' या लैंगिक शिक्षणाच्या मासिकावर अश्लीलतेचे खटले झाले, १९३४च्या खटल्यात बाबासाहेब त्यांचे वकील होते. २००५च्या डान्सबारबंदीवरून तर महाराष्ट्रातल्या स्त्री संघटनाच दोन बाजूंना होत्या. २०१३ला सर्वोच्च न्यायालयानं बंदी घटनाबाह्य ठरवली. तिसरी बैठक इथंच घ्या.

कोर्टकचेरी
कायद्याचं नेमकं. पुस्तक, लेख, चर्चा याला अडचण नाही. साहित्य, कला, शिक्षण यांसाठी कायद्यात सूट आहे. पण पॉर्नची कुठलीही क्लिप किंवा फोटो 'उदाहरण म्हणून' गटाच्या व्हॉट्सअॅपवर टाकू नका. आयटी कायद्याचं कलम ६७अ पाठवणाऱ्यालाही लागतं : पहिल्यांदा दोषी ठरल्यास पाच वर्षांपर्यंत कैद, दहा लाखांपर्यंत दंड. अल्पवयीनांचं काहीही असेल तर ६७ब. तिथं नुसतं शोधणं, बघणं, डाउनलोड करणंही गुन्हा. बैठक अठरा वर्षांवरच्यांचीच ठेवा आणि निवेदनात तसं लिहा.

संमतीविना फिरवलेला व्हिडिओ वेगळा विषय आहे, तो 'पॉर्न'मध्ये मिसळू देऊ नका. तिथं आयटी कायद्यातला खाजगीपणाचा भंग (कलम ६६ई) आणि भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ (बाईला चोरून बघणं, तिचं चित्रण करणं) बघायचं. कुणी मदत मागितली तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नाव न देताही तक्रार करता येते. संमतीविना फिरणारे खाजगी फोटो रोखणाऱ्या स्टॉपएनसीआयआय या साइटवर फोटो अपलोड होत नाही; फोनवरच त्याचा डिजिटल ठसा बनतो आणि तेवढाच सहभागी सोशल मीडिया वगैरे कंपन्यांकडं जातो.

विडीघरकुल_वाचिका
खूप मदत झाली. शब्दांचं काय करू? 'लैंगिकता-सकारात्मक' म्हटलं की सगळ्यांचे चेहरे कोरे.

कस्तुरबा_मंडई
तो शब्द वापरूच नका, 'सेक्स-पॉझिटिव्ह' तसाच ठेवा आणि एकदा नीट सांगा. 'संमती'पेक्षा 'होकार' चालतो. होकार देता येतो, मागे घेता येतो, अर्धाच असतो, भीतीपोटी दिलेला असतो. हे सगळं त्या एका शब्दात बोलता येतं. 'संमती' म्हटलं की सहीचा कागद डोळ्यांपुढं येतो. तेलुगूवाल्या बायकांना आधी आपसात त्यांच्या भाषेत दहा मिनिटं बोलू द्या, मग मराठीत सांगायला लावा.

प्रश्न चिठ्ठीवर घ्या, सगळ्यांना एकाच रंगाचा कागद आणि एकसारखं पेन. 'तू बघतेस का?' हा प्रश्न कुणालाही विचारायचा नाही, हे पहिल्याच मिनिटाला सांगा. तो एकदा विचारला गेला की निम्म्या जणी पुढच्या बैठकीला येत नाहीत.

सातरस्ता
आणि ड्वॉर्किनबाईंची बाजू मांडायला गटातली सगळ्यात तयारीची बाई द्या. ती बाजू पडकी मांडली तर दुसऱ्या बैठकीला वाद उरतच नाही.