मदत हवी आहे: स्विफ्टच्या कंपनी रिमवर 185 चे टायर चालतील का?

मंडळी, माझ्या स्विफ्टला 14 इंची लोखंडी रिम आहेत, टायर 165/80 आर14 (रुंदी 165 मिमी, बाजूची उंची रुंदीच्या 80 टक्के, रिम 14 इंची). आता चारही गुळगुळीत झालेत. पावसाळ्याच्या आत बदलायचेत, कारण रोज मुलुंड ते अंधेरी, जेव्हीएलआरवरून (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड). ओल्या पेव्हर ब्लॉकवर ब्रेक मारला की गाडी सरकते.

रिम बदलायचे नाहीत, उगाच खर्च. रिमवर 14×5जे कोरलंय, म्हणजे व्यास 14 इंच, रुंदी 5 इंच. 185/70 आर14 घेतला तर हिशेबाने बाहेरचा व्यास 620 वरून 615 मिमीवर येतो, म्हणजे एक टक्काही फरक नाही. त्यामुळे स्पीडोमीटर चुकीचा वेग दाखवेल याचं टेन्शन नाही. दुकानदार मात्र 195/70 च्या मागे लागलाय, "साहेब, रोड ग्रिप बघा!" तो व्यास 629 च्या आसपास जातो, आणि 5 इंची रिमवर 195 म्हणजे टायर फुगल्यासारखा बसणार असं मला वाटतं. (त्याच्याकडे तोच स्टॉक पडून असावा.)

ज्यांनी 185 बसवलेत त्यांनी सांगा: स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर आतल्या लायनरला (चाकावरच्या प्लास्टिकच्या आवरणाला) घासतो का? ट्रॅफिकमध्ये अॅव्हरेज किती पडलं? हवा कंपनीच्या स्टिकरप्रमाणेच ठेवता का? आणि साचलेल्या पाण्यात रुंद टायर जास्त तरंगतो म्हणतात, तसा अनुभव कुणाला आलाय का?