गडद निळी गाडी, बोअरचं पाणी, बॉनेटवर ओरखड्यांचं जाळं : घरी पॉलिश करावं का?

वाघोलीचा_टँकर

नमस्कार मंडळी. गाडी चार वर्षांची, हॅचबॅक, गडद निळा मेटॅलिक रंग. राहायला वाघोली, म्हणजे नळाला येतं ते बोअरचं किंवा टँकरचं. सोसायटीतले दादा रोज सकाळी गाडी पुसतात, रविवारी मी स्वतः बादली घेऊन धुतो. सावलीत बरी दिसते. उन्हात काढली की बॉनेटवर आणि टपावर गोल गोल बारीक ओरखडे, आणि त्यात पांढरे ठिपके. ठिपके शाम्पूने हलत नाहीत.

दसरा तोंडावर आलाय. शेजारचे म्हणतात, रबिंग कंपाउंड आण, माझ्या ड्रिलला बफिंगचं पॅड लाव, तासाभरात आरसा होईल. एका डिटेलिंगवाल्याने सिरॅमिक कोटिंगचे बावीस हजार सांगितले, ते ऐकून घरात जे वातावरण झालं ते असो. घरच्या घरी काय करता येईल आणि कुठल्या क्रमाने? वॅक्स आधी की पॉलिश आधी, इथूनच माझी सुरुवात आहे. आरओचं वाया जाणारं पाणी मी गाडीसाठी साठवून ठेवतो, ते चालतं ना? जाणकारांनी सांगावं.

बिनधास्त_बापू

काही करू नका. पुण्यात गाडी चालवता ना? आज चकचकीत केलीत, उद्या कुणीतरी हँडल घासून जाईल आणि वर तुम्हालाच म्हणेल, गाडी बाजूला घ्यायला काय झालं. वर्षातून एकदा पावसात उभी करायची. झालं.

लाइट_टनेल

बापूंचं पावसाचं म्हणणं थट्टेत असलं तरी अर्धं बरोबर आहे, त्यावर येतो. आधी ते ड्रिल शेजाऱ्यांना परत द्या.

मी चाकण पट्ट्यातल्या एका कारखान्याच्या पेंट शॉपमधून निवृत्त झालो. शेवटची बरीच वर्षं तपासणीला होतो. दोन्ही बाजूंनी आणि डोक्यावर ट्यूबलाइटच्या रांगा, मधून बॉडी सरकत येते आणि आपण फक्त बघायचं: कुठे धुळीचा कण बसलाय, कुठे रंग ओघळलाय. माणसाला सवय लागते. आता लग्नाला गेलो तरी आधी पार्किंगमधल्या गाड्यांची बॉनेटं बघतो, बायको वैतागते.

तुमच्या गाडीवर रंग किती आहे, ते ऐका. पत्र्यावर आधी ईडी, म्हणजे अख्खी बॉडी टाकीत बुडवून विजेने चढवलेला थर, साधारण 20 मायक्रॉन. त्यावर प्रायमर 30-35. मग तुमचा निळा, तो जेमतेम 15 च्या आसपास. आणि सगळ्यात वर बिनरंगाचा क्लिअर, 35 ते 50. सगळं मिळून 100 ते 120. डोक्याचा केस 70 च्या आसपास असतो, म्हणजे चारही थर मिळून दोन केसांएवढे नाहीत. तुम्ही पुसता, धुता, घासता तो फक्त वरचा क्लिअर. ओरखडेही त्यातच आहेत, निळ्यापर्यंत पोचलेले नाहीत.

पॉलिशने ओरखडा भरत नाही. ओरखड्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा क्लिअर उतरवला जातो, सपाटी येते, म्हणून तो दिसेनासा होतो. हाताने बारीक पॉलिश केलं तर फार जात नाही. कंपाउंड लावून मशीन चालवलं की काही मायक्रॉन सहज जातात, आणि ते परत येत नाहीत. ऊन सोसणारं रसायन त्या क्लिअरमध्येच असतं. जुन्या गाड्यांच्या टपावर पांढरट पापुद्रे सुटलेले बघितले असतील, तो क्लिअर संपल्याचा प्रकार. ड्रिल तर एकाच जागी गरगरतं. कडांवर आणि बॉनेटच्या रेघांवर रंग मुळातच पातळ, तिथे ते अर्ध्या मिनिटात खालचा प्रायमर दाखवेल. घ्यायचंच असेल तर ड्युअल ॲक्शन पॉलिशर घ्या. त्याचं पॅड फिरतं आणि डोलतंही, त्यामुळे एका जागी उष्णता साठत नाही. पण पहिल्यांदा हातानेच करा, असं माझं मत.

आता मूळ. हे गोल ओरखडे रस्त्यावर पडलेले नाहीत. रोज सकाळी कोरड्या किंवा नुसत्या ओलसर फडक्याने पुसल्याने पडलेत. वाघोलीत बांधकामं, खडीचे डंपर; गाडीवर बसते ती धूळ म्हणजे बारीक वाळूच. दादा ती पिवळ्या फडक्याने क्लिअरवर फिरवतात, तेच फडकं बादलीत बुडवतात, ज्यात आधीच्या आठ गाड्यांची माती आहे. दादांचा दोष नाही, एवढ्या पैशात आणि एका बादलीत कुणीही तेच करेल. पण हे थांबलं नाही तर पॉलिश करून उपयोग शून्य, महिन्याभरात जाळं परत.

पाण्याचं बघू. आरओचं वाया जाणारं पाणी गाडीला अजिबात नको! गाळणीने तुमच्या ग्लासातून जे क्षार काढले ते सगळे त्या पाण्यात गेलेत, म्हणजे ते बोअरपेक्षाही जड. फरशी पुसा त्याने. तुमचे ठिपके म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार: पाणी उडून गेलं, क्षार राहिले. गरम बॉनेटवर ते क्लिअरमध्ये रुततात. शेवटच्या हाताला उत्तम पाणी म्हणजे पावसाचं, किंवा स्प्लिट एसीच्या नळीतून ठिबकतं ते. हवेतली वाफ थंड होऊन झालेलं पाणी, त्यात क्षार जवळपास नसतात. नळीखाली झाकणाचा कॅन ठेवा. पाण्याच्या फिल्टरवाल्याकडे टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं यंत्र असतं, दोन्ही पाण्यांत बुडवून आकडे बघा, माझ्यावर विश्वास ठेवू नका.

ठिपके काढायला पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान. गाडी धुतलेली, सावलीतली, पत्रा हाताला गार लागणारा. मऊ कापड भिजवून ठिपक्यांवर मिनिट-दोन मिनिटं ठेवा, हलकं पुसा, लगेच भरपूर पाण्याने धुवा. ताजे असतील तर जातील. रुतलेले राहतील, ते पॉलिशला.

धुण्याला दोन बादल्या. एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधं पाणी. भांड्यांचं लिक्विड नको, त्याने गाडीवरचं वॅक्स उतरतं. आधी नुसतं पाणी मारून माती जाऊ द्या, पाच मिनिटं ओली ठेवा, परत पाणी. मग मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एक भाग धुवायचा, साध्या बादलीत पिळायचा, परत शाम्पू. टपापासून खाली. दारांचा खालचा भाग आणि चाकं सर्वांत शेवटी आणि वेगळ्या कापडाने. गोल हात फिरवू नका, सरळ. आणि वाळू देऊ नका, लगेच मोठ्या मायक्रोफायबरने टिपा. पंचा किंवा जुनी बनियन कितीही मऊ वाटली तरी तिच्या शिवणीचा दोरा विसरू नका.

धुऊन झाल्यावर पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून बॉनेटवर फिरवा. खरखर लागली तर क्ले बार, म्हणजे रुतलेली घाण उचलणारा मळलेल्या मातीसारखा गोळा. शाम्पूचं पाणी मारून, हलक्या हाताने, घसरू द्यायचा. जमिनीवर पडला तर तो तुकडा टाकून द्यायचा, पैसे वाया गेले म्हणून हळहळायचं नाही.

मग पॉलिश, मग वॅक्स. कंपाउंड नको, सर्वांत बारीक पॉलिश घ्या. आधी वीतभर जागेवर करून बघा. नख ज्या ओरखड्यात अडकतं तो पॉलिशने जाणार नाही, त्याच्या मागे लागू नका. फोमच्या पॅडवर वाटाण्याएवढं, दोन फूट बाय दोन फूट, वाळायच्या आत पुसायचं. जाळं साठ-सत्तर टक्के कमी झालं की थांबा. शंभर टक्क्यांच्या नादात लोक क्लिअर घालवतात.

वॅक्सला फार हात लावावा लागत नाही. पातळ लावायचं, धुरकट झालं की पुसायचं. काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर लागलं तर पांढरे डाग बसतात, आधी मास्किंग टेप लावा. कार्नौबा म्हणजे ब्राझीलमधल्या ताडासारख्या झाडाच्या पानांवरचं मेण, चमक छान, पण आपल्या एप्रिल-मेमध्ये गडद रंगाच्या गाडीवर महिना-दीड महिना. टिकाऊ हवं तर सिंथेटिक सीलंट. पाण्याचे मोती उठतात म्हणून खूष होऊ नका. बोअरचे मोती उन्हात वाळले की प्रत्येक मोत्याचा एक डाग. टिपणं चुकत नाही.

सिरॅमिकचं: वाईट नाही, पण त्याच्या आधी तो माणूसही पॉलिशच करणार. बाटलीवर 9एच असतं ती पेन्सिलीची कठिणता, खडी उडाली तर टवका पडायचा तो पडेलच. आणि कोटिंग करून रोज फडकं मारलंत तर बावीस हजारांवर ओरखडे.

नाशिकरोडची_मीना

काका, दंडवत. आमच्याकडे उन्हाळ्यात सोसायटी पाइपच काय, दुसरी बादलीही भरू देत नाही. मी रिन्सलेस वॉशचं लिक्विड वापरते. बादलीभर पाण्यात बाटलीवर दिलंय तेवढंच टाकायचं, आणि झाडांवर फवारायचा दोन लिटरचा पंप असतो ना, त्यात तेच पाणी भरून आधी सगळ्या गाडीवर फवारायचं. माती सुटली की पाच-सहा फडकी भिजवून, प्रत्येक भागाला नवी घडी. परत धुवायची गरज नाही. चिखलाने भरलेल्या गाडीला मात्र नको, तिथे पाणीच लागतं.

माझा प्रश्न : पांढरी गाडी, पार्किंग रेल्वेलाइनला लागून. दारांवर नारिंगी बारीक ठिपके आलेत. गंज म्हणावा तर पत्रा ठणठणीत.

लाइट_टनेल

मीनाताई, गंजच आहे, पण तुमच्या गाडीचा नाही. रुळांचा आणि ब्रेकचा लोखंडी चुरा उडून क्लिअरमध्ये रुततो आणि तिथे गंजतो. गडद गाड्यांवरही असतो, पांढरीवर दिसतो. आयर्न रिमूव्हर म्हणून मिळतं, फवारलं की ठिपके जांभळे होऊन ओघळतात. वास सडलेल्या अंड्यासारखा, बंद जागेत करू नका. वाळायच्या आत धुवा, मग क्ले. पहिलं सोडून थेट क्ले फिरवलात तर तोच चुरा गाडीभर घासाल.

अजून एक, पांढऱ्यावाल्यांसाठी. काही जुन्या साध्या पांढऱ्या गाड्यांवर क्लिअर नसतोच. पॉलिश करताना फडक्याला पांढरा रंग आला तर समजा रंगच उतरतोय, हात आवरा. मात्र बऱ्याच पॉलिशही पांढऱ्याच असतात, म्हणून खात्री काळ्या फडक्यावर, रंगीत पॉलिश घेऊन करा.

जांभा

आम्ही रत्नागिरीकडचे. इथे ओरखड्यांपेक्षा लाल धूळ आणि खारा वारा. वॅक्स लावा, न लावा, पावसाळ्यानंतर चाकांच्या वरच्या कमानीतला चिखल हात घालून काढा आणि दारांच्या खालच्या कडेला पाणी जायची भोकं असतात ती काडीने मोकळी करा. माती बसली की पाणी दारात साठतं आणि पत्रा आतून जातो. वरून गाडी नवरी दिसते.

आंब्याखाली गाडी लावत असाल तर चीक आणि कावळ्याची शिट. दोन्ही खरवडू नका. ओलं फडकं दहा मिनिटं ठेवा, आपोआप सुटतं. वाळेपर्यंत ठेवलीत तर खालचा रंग मलूल होतो, तो डाग मग राहतोच.

वाघोलीचा_टँकर

काका, दोन्ही पाणी मोजलं. बोअर 870, एसीचं 24. आरओचा कॅन आता फरशीसाठी. व्हिनेगरने बॉनेटवरचे बरेचसे ठिपके गेले, टपावरचे तसेच आहेत.

दोन शंका. दादांना पुसू नका सांगितलं तर त्यांचे पैसे बुडतील, आणि ते चांगले आहेत. आणि दसऱ्याला आई बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढते, हळदीची बोटं उमटवते, झेंडूचा हार सेलोटेपने लावते. हे सगळं नव्या वॅक्सवर?

लाइट_टनेल

दादांना पैसे तेवढेच द्या, काम बदला. काचा, आरसे, आतली पायपुसणी, चाकं. त्यासाठी तुमची दोन फडकी आणि एक मग त्यांच्याकडे द्या. पत्र्याला हात नको, एवढंच. बहुतेकांना ते आवडतं, वेळ वाचतो.

आईंना थांबवू नका. स्वस्तिक पुढच्या काचेच्या कोपऱ्यात काढायला सांगा, काचेवरून कुंकू पुसलं जातं. बॉनेटवरच हवं असेल तर संध्याकाळी नाही, पूजा झाली की तासाभरात पाणी ओतून धुवा, कोरडं पुसू नका. कुंकवाची पूड बारीक असली तरी फडक्याखाली घासतेच. हार टेपने नको, उन्हात टेपचा चिकटा बसतो. पुढच्या जाळीला सुतळीने बांधा आणि दुसऱ्या दिवशी काढा. झेंडू पावसात भिजून पत्र्यावर बसला तर पिवळा डाग पडतो, आणि यंदा पाऊस दसऱ्यापर्यंत रेंगाळला तर तेवढं लक्ष ठेवा.

टपाचं पॉलिश मात्र पूजेनंतर करा. चार दिवस इकडेतिकडे झाले तरी चालेल, पण तेव्हाही ऊन कडक असतं, पत्रा तापतो. सकाळी लवकर घ्या आणि एका दिवशी फक्त टप.