चौकातलं पिल्लू पार्व्होनं गेलं, आता आमच्या सात आठवड्यांच्या मोतीला कसं जपू?

मंगळवारपेठकरीण:

नमस्कार. बेंदूर झाला त्या आठवड्यात मामांनी कागलहून पिल्लू आणून दिलं. गावठीच आहे, तांबूस, कपाळावर पांढरा टिळा. मोती नाव ठेवलंय. आज त्याला सात आठवडे पूर्ण झाले. त्याच्या आईला कधी लस टोचल्याचं मामांना आठवत नाही.

आमचं घर जुन्या वाड्यात. पाच बिऱ्हाडं, मधे सामाईक चौक, शहाबादी फरशी. मे महिन्यात समोरच्यांचं तीन महिन्यांचं लॅब्राडॉर पार्व्होनं, म्हणजे पिल्लांना उलट्या-जुलाब लावणाऱ्या विषाणूच्या रोगानं, चार दिवसांत गेलं. त्याच्या उलट्या, रक्ताची शी, सगळं ह्याच चौकात झालं. नंतर आम्ही चौक तीनदा फिनेलनं धुतला. शेजारच्या काकू म्हणतात, एवढा पाऊस पडून गेला, आता काय राहतंय. मला मात्र रात्री झोप लागत नाही. मोती अजून माडीवरच आहे, चौकात त्याचा पाय लागू दिलेला नाही. पण आम्ही सगळे चपला घालून तिथूनच वर येतो.

काल लसीचा पहिला डोस झाला. त्याला खाली कधी सोडू? चौकाचं काय करू? गल्लीतली पोरं त्याला घ्यायला येतात, त्यांना नको म्हणू का?

दवाखान्यातला दादा:

ताई, मी डॉक्टर नाही. जनावरांच्या दवाखान्यात परिचर आहे, बावीस वर्षं झाली. पावसाळ्यात पार्व्होची पिल्लं टेबलावर धरून सलाईन लावायला मदत करतो, त्यामुळं तुमची झोप का उडाली ते मला कळतं.

आधी चौकाचं. फिनेलनं पार्व्हो मरत नाही. हाताला लावायच्या सॅनिटायझरनंही नाही. ह्या विषाणूला बाहेरून चरबीचं आवरणच नसतं, त्यामुळं तो चिवट. सावलीतल्या, ओलसर जागेत कित्येक महिने टिकतो, वर्षभरसुद्धा. पावसानं तो मरत नाही, इकडचा तिकडं जातो एवढंच. त्याला मारतं ते ब्लीच. पण आधी फरशी साबणाच्या पाण्यानं, खराट्यानं घासून घ्या, कारण घाण असली की ब्लीचचा जोर तिथंच संपतो. मग कपडे पांढरे करायचं साधं पातळ ब्लीच एक कप, त्याला तीस कप पाणी, आणि फरशी दहा मिनिटं ओलीच राहू द्यायची. पाणी त्याच दिवशी कालवा, कालचं वापरू नका. मोरीत ॲसिड टाकलं असेल तर त्यात ब्लीच अजिबात मिसळू नका, विषारी वायू होतो. फरशीच्या सांध्यात आणि तुळशीच्या कट्ट्याजवळच्या मातीत काही हे नीट पोचत नाही. म्हणून धुतलात तरी मोतीला तिथं सोडू नका. चपला जिन्याखालीच काढा आणि पाय धुऊन वर या.

आता लसीचं. इथंच माणसं फसतात. पिल्लाला आईच्या पहिल्या चिकातून संरक्षण मिळतं. ते काही आठवडे टिकतं आणि हळूहळू उतरतं. उतरताना मधे अशी एक वेळ येते की ते रोगाला अडवायला पुरत नाही, पण लसीला मात्र अडवतं. डोस दिला तरी अंगात मुरतच नाही. ही वेळ कुणाची आठव्या आठवड्यात संपते, कुणाची चौदाव्या-पंधराव्यात. बाहेरून बघून कळत नाही. मोतीच्या आईला लस नव्हती, पण तिला रस्त्यावरनं रोग होऊन गेला असेल तर तिच्या दुधातही ते असणारच. म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी डोस देत जायचा, आणि शेवटचा डोस सोळा आठवडे भरल्यावरच द्यायचा. हे सोडून बाकी सगळं पाळलंत तरी उपयोग नाही. पुढं वर्षाच्या आत बूस्टर, म्हणजे परत एक डोस.

डिस्टेंपर, म्हणजे कुत्र्यांचा दुसरा जीवघेणा रोग, त्याचीही लस ह्यातच येते. रेबीजची वेगळी, तीन महिने भरल्यावर. आणि सेव्हन इन वन किंवा नाइन इन वन (सात किंवा नऊ घटकांची एकत्र लस) घेताना त्यात लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस ह्या रोगाची लस, आहे का विचारा. २०१९ आणि २०२१ च्या पुरानं आपल्या कोल्हापूरला बरंच शिकवलंय. उंदराच्या मुतानं साचलेलं पाणी दूषित होतं, ते कुत्र्यालाही बाधतं आणि माणसालाही. लेप्टोचे दोन डोस लागतात, मग दरवर्षी एक.

एक राहिलं. दवाखान्यात आलात की पिल्लू मांडीवरून खाली ठेवू नका. आमची फरशी आम्ही धुतो, पण तासाभरात आजारी पिल्लू येऊन जातं. रिक्षातच बसा, नंबर आला की आत या.

रंकाळ्याकाठचा:

दादांनी सोळा आठवड्यांचं लिहिलंय, त्यावर मला माझं सांगायचंय. आमच्या शेरूचे दोन डोस झाले, दुसरा अकराव्या आठवड्यात. कार्डावर पुढची तारीख नव्हती, मीही विचारली नाही. तेराव्या आठवड्यापासून रोज सकाळी त्याला रंकाळ्यावर न्यायचो. गवतात नाक खुपसून हुंगत बसायचा, मला तेव्हा फार आनंद व्हायचा. एका रविवारी त्यानं दूध सोडलं. वाटलं, गरमीनं असेल. संध्याकाळी उलटी, तरी घरचे म्हणाले हळद-दूध द्या, सकाळी बघू. रात्री जुलाब लागले, आणि तो वास मी आयुष्यात विसरणार नाही. सकाळी सलाईन लावलं, पण अंगातलं पाणी संपलं होतं. मंगळवारी गेला.

ताई, पिल्लू एक वेळ जेवलं नाही आणि मलूल पडलं तर सकाळची वाट बघू नका. ह्या विषाणूला मारणारं हुकमी औषध नाही. पण वेळेत सलाईन आणि उलटीचं इंजेक्शन मिळालं की बरीच पिल्लं उठतात, हे मला नंतर कळलं. ती एक रात्र मी घालवली.

राजारामपुरीची काकू:

अगं, पोरांना नको म्हणू नकोस. तीन महिन्यांपर्यंत पिल्लू जे बघतं, ऐकतं, त्याची त्याला भीती राहत नाही. हात साबणानं धुवायला लाव, चपला खाली, आणि माडीवर बसून खेळू देत. पार्व्हो माणसाला होत नाही, पण हातावरून, कपड्यावरून येतो. ज्याच्या घरी आजारी कुत्रं आहे त्यानं मात्र येऊ नये. आमच्या पिल्लाला मी झोळीत घालून भाजी मंडईत न्यायची. जमिनीला पाय नाही, पण हॉर्न, गर्दी, सगळं पाहिलं त्यानं. आणि जंताचं औषध विसरू नकोस, बारा आठवड्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी.

मंगळवारपेठकरीण:

सगळ्यांचे मनापासून आभार. रंकाळ्याकाठचे दादा, शेरूचं वाचून डोळे भरून आले. तुम्ही लिहिलंत म्हणून मी आज पुन्हा दवाखान्यात जाऊन कार्डावर सगळ्या तारखा लिहून घेतल्या. शेवटचा डोस अनंत चतुर्दशीनंतर पितृपंधरवड्यात येतोय. डॉक्टर म्हणाले, त्यानंतर आठवडाभर थांबा. म्हणजे मोती घटस्थापनेच्या सुमारास चौकात उतरेल.

आज दुपारी पाऊस उघडला तेव्हा समोरच्या वहिनींना बोलावलं. त्यांचंच लॅब्राडॉर गेलं होतं. काही न बोलता त्यांनी खराटा घेतला आणि त्यांच्या उंबऱ्यापासून मोरीपर्यंत सगळी फरशी स्वतः घासली. मी ब्लीचचं पाणी ओतत मागं मागं गेले. मोती माडीच्या कठड्यातून नाक काढून आमच्याकडं बघत होता.