मदत हवी आहे: झोपेत पिल्लाचा श्वास मध्येच थांबतो, काळजीचं आहे का?

मंडळी, घरात ७ आठवड्यांचं कुत्र्याचं पिल्लू आहे. दिवसभर धुडगूस, मग जिथे असेल तिथेच आडवं. डोळा लागला की आधी श्वास संथ चालतो. छाती वर-खाली झाली की एक, असं घड्याळ लावून मोजलं, मिनिटाला २२-२४ भरले. पण थोड्या वेळाने पापण्यांआड डोळे फिरू लागतात, पंजे थरथरतात, बारीक कुईकुई सुरू होते आणि श्वास ४०च्या पुढे जातो, तोही वेडावाकडा. मध्येच दोन-तीन सेकंद थांबतोसुद्धा. तेवढ्यात माझाच जीव वर-खाली!

स्वप्नांच्या झोपेत श्वास अनियमित होतो आणि पिल्लांमध्ये ही झोप जास्त असते, एवढं माहीत आहे. मोठ्या कुत्र्याचा शांत झोपेतला श्वास सतत ३०च्या वर राहिला तर डॉक्टरांना दाखवावं, हेही. पिल्लालाही हाच आकडा लावायचा का? आणि मोजायचं नेमकं कधी, संथ झोपेतच ना?

हिरड्या गुलाबी आहेत, खोकला नाही, खाणं तर विचारूच नका. व्हिडिओ काढून ठेवलाय, डॉक्टरांकडे लसीच्या वेळी दाखवला तर चालेल, की आधीच जावं? उठवून बघण्याचा मोह होतो, पण झोपमोड झाली की महाशय चावतात.