अकरावी सायन्सला कॉम्प्युटर घेऊ द्यावा की नको?

कुळागर (धागाकर्ता):
मुलीची दहावी झाली. डिचोलीत हायर सेकंडरीला सायन्स घेतोय. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स ठरलंय. चौथा विषय बायोलॉजी की कॉम्प्युटर सायन्स, यावर आठवडाभर घरात वाद चाललाय. तिला कॉम्प्युटर हवाय आणि माझं मत तिच्या बाजूने आहे. सहावी ते आठवी शाळेत कोडिंग आणि रोबोटिक्सची सरकारी योजना होती, तिथे गोडी लागली. नंतर दहावीच्या धबडग्यात ते मागे पडलं. भाऊ म्हणतो, बायोलॉजी घे, नीटचा रस्ता मोकळा राहतो. पण जिला डॉक्टर व्हायचंच नाही तिने दोन वर्षं बेडकाच्या आकृत्या का काढाव्यात? विरोधातलं मतही मोकळेपणी सांगा.

फर्मागुडी९८:
मी विरोधात. पंधरा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे, बारावीला माझा कॉम्प्युटर नव्हता. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शून्यापासून शिकवली. बारावीला घेऊन आलेले आणि आम्ही दिवाळीपर्यंत एकाच ओळीत होतो. जेईई मेनला, म्हणजे इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेला, बी.ई.साठी फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सच विचारतात. मॅट्रिक्स आणि प्रोबॅबिलिटी कच्ची राहिली तर पुढे मशीन लर्निंगला (कॉम्प्युटरला माहितीवरून शिकवायच्या तंत्राला) अडतं, आणि ते भरून काढणं फार जड जातं. बारावीला शिकवतात ती पायथन भाषा काय, पायथन नंतरही येतो.
शिवाय शिकवतात कसं ते पाहा. भाचीची प्रात्यक्षिकाची वही बघितली. प्रोग्रॅम शाईने, त्याखाली आउटपुट पेन्सिलीने, अख्ख्या वर्गाचं एकच. त्यातले बरेच प्रोग्रॅम तिने मशीनवर एकदाही चालवलेले नव्हते. सीबीएसईतसुद्धा ७० गुण लेखी आणि ३० प्रात्यक्षिक. मुलं कशाला महत्त्व देणार?

लॅबची_किल्ली:
मी हाच विषय शिकवते. वहीबद्दलचा तुमचा राग मला मान्य आहे. पण विषय का सोडायचा?
गेल्या जूनमधलं सांगते. पायथनमध्ये ओळ किती आत सरकवली यावर अर्थ ठरतो. एका मुलाने दहा जणांच्या गुणांची सरासरी काढणारा प्रोग्रॅम वहीत लिहून आणला. मीही नजर टाकून बरोबरची खूण केली. मशीनवर चालवला तर सरासरी दहा वेळा छापून आली, दर वेळी वेगळी. छापायची ओळ लूपच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागाच्या, आत गेली होती. चार स्पेस मागे घेतल्यावर उत्तर एकदाच आलं. तो मुलगा नंतर किती तरी वेळ तीच ओळ आत-बाहेर करून बघत बसला. बाहेर पावसाने वीज गेली, यूपीएस ओरडायला लागला, तरी उठेना. त्याला लूप त्या दिवशी कळला.
आणि हे भाषेपुरतं नाही. हजार नावांच्या अकारविल्हे यादीतून एक नाव शोधायला जास्तीत जास्त दहा वेळा बघावं लागतं, दर वेळी मधलं नाव बघितलं की यादी अर्धी होते म्हणून. हे सोळाव्या वर्षी कळलं तर मॅथ्सचे लॉगॅरिदम परके वाटत नाहीत. कॉम्प्युटरमुळे मॅथ्स मागे पडतं हे माझ्या वर्गात मी पाहिलेलं नाही.

म्हादईकाठ:
सत्तरीतल्या गावातून वाळपईला बसने यायचे. घरी कॉम्प्युटर नव्हता, आमच्या वाड्यावर कुणाकडेच नव्हता. 'पायथन नंतरही येतो' हे ज्याच्या टेबलावर लॅपटॉप आहे त्याने म्हणावं. मला हायर सेकंडरीच्या लॅबमध्येच पहिल्यांदा कीबोर्ड हाताला लागला, तोही दोघींत एक. मराठी प्राथमिक शाळेतून आलेली, इंग्रजीची धडकी होती. पायथनचे राखीव शब्द, म्हणजे भाषेने अर्थ ठरवून दिलेले शब्द, ३५ आहेत हे सरांनी सांगितलं आणि भीती अर्धी झाली. इंग्रजीच्या तासाला तोंड न उघडणारी मी त्या तासाला पुढच्या बाकावर बसायचे.

फर्मागुडी९८:
म्हादईकाठ, तुमचं म्हणणं पटलं. घरी साधन नसेल तर लॅब सोडू नये. बाकी मत कायम. हजेरीचा, सरासरीचा प्रोग्रॅम आता चॅटजीपीटी क्षणात लिहून देतो. तेच दोन वर्षं का गिरवायचं?

लॅबची_किल्ली:
त्याने दिलेल्या सरासरीच्या प्रोग्रॅमला गुणांची रिकामी यादी देऊन बघा. शून्याने भागायची वेळ आली की कधी तो सांभाळतो, कधी कोसळतो. रिकामी यादी देऊन बघावी हे सुचायला आधी स्वतः चार वेळा चुकावं लागतं.
कुळागर, प्रवेश घेण्याआधी लॅबमध्ये जाऊन या. मशीन किती, आठवड्याला प्रात्यक्षिकाचे तास किती, आणि मुलं स्वतः टाइप करतात का ते विचारा. नुसती वहीच भरून घेत असतील तर मीही म्हणेन, दुसरी हायर सेकंडरी बघा.

कुळागर:
सोमवारी फी भरायची आहे. उद्या सकाळी मुलीला घेऊन जातो, तिलाच विचारू देतो. भाऊही येतो म्हणालाय.