प्युरिफायर लावला, तरी सीओटू मीटर १६००वरच?

कारकून
ऑफिस ३० × २० फूट, छत १० फूट, माणसं २०, दोन स्प्लिट एसी, खिडक्या बंद. फ्लूची साथ आली की निम्मं ऑफिस आडवं होतं, म्हणून हेपा फिल्टरचा प्युरिफायर घेतला (सीएडीआर, म्हणजे गाळून मिळणारी हवा, तासाला ३५० घनमीटर). तरी दुपारी मीटरवर १६०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत १६०० भाग सीओटू). गंडलंय काय, प्युरिफायर की मीटर?

हवापालट
बहुधा दोन्ही ठीक आहेत. हेपा कण अडवते, वायू नाही. सीओटू तिच्यातून आरपार जातो. मीटरवरून कळतं ते एवढंच, की बाहेरची हवा किती येते.

बसून काम करणारा माणूस सेकंदाला साधारण ०.००५ लिटर सीओटू सोडतो. बाहेरचे ४२० वजा केले की उरले ११८०. ०.००५ गुणिले दहा लाख म्हणजे ५०००. ५००० भागिले ११८०, म्हणजे माणशी सेकंदाला जेमतेम ४.२ लिटर ताजी हवा. अ‍ॅश्रे या एसी-व्हेंटिलेशन इंजिनिअरांच्या अमेरिकी संस्थेचं २०२३चं २४१ क्रमांकाचं मानक साथीच्या काळात ऑफिसला माणशी १५ लिटर सांगतं, त्यात ताजी आणि गाळलेली दोन्ही हवा धरतात. तूट १०.८, वीस जणांची २१६, म्हणजे तासाला सुमारे ७८० घनमीटर. असे तीन प्युरिफायर हवेत. आणि डब्यावरचा ३५० हा आकडा फुल स्पीडचा! आवाज होतो म्हणून कुणीतरी स्लीप मोडवर टाकतंच. त्यापेक्षा जास्त नग घेऊन मधल्या स्पीडवर चालवा.

डक्टवाला
आधी एक्झॉस्ट फॅन लावा, मग प्युरिफायर. स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो. मात्र फॅनच्या समोरच्या भिंतीची खिडकी चार बोटं उघडी ठेवा, नाहीतर तो पॅसेजमधली नाहीतर संडासातली हवा ओढेल. एसीच्या झोतासमोर बसवू नका, गार हवाच आधी बाहेर जाईल. मे महिन्यात बिल वाढणार, ते धरूनच चाला.

मीटर एनडीआयआर (इन्फ्रारेड प्रकाशाने सीओटू मोजणाऱ्या) सेन्सरचा आहे ना? स्वस्तातले काही मीटर इतर वाफा मोजून सीओटूचा आकडा ठोकून देतात. सॅनिटायझरचा बोळा जवळ धरा. आकडा उसळला तर तो मीटर भंगारात. शिवाय ऑटो-कॅलिब्रेशनवाला (स्वतःच आकडा जुळवून घेणारा) मीटर आठवड्यातला सगळ्यात कमी आकडा बाहेरच्या हवेचा मानतो. सतत बंद खोलीत तो हळूहळू कमी दाखवायला लागतो, तेव्हा अधूनमधून गॅलरीत ठेवा.

उदबत्ती
एसी चालू करून उदबत्ती लावा आणि धूर कुणावरून कुणाकडे जातो ते बघा. चीनमधल्या ग्वांगझूच्या रेस्टॉरंटमध्ये (जानेवारी २०२०) एकाच एसीच्या झोतातल्या तीन टेबलांवरचे १० जण कोविडने बाधित झाले. पुढे मोजलं तर ताजी हवा माणशी सेकंदाला लिटरभर. सोलच्या कॉल सेंटरमध्ये (मार्च २०२०) अकराव्या मजल्यावरच्या २१६ पैकी ९४ बाधित, बहुतेक एकाच बाजूचे. लिफ्ट नि लॉबी सगळ्यांची एकच, तरी बाकीचे मजले जवळजवळ सुटले. तेव्हा टेबलं पुसण्यात फार जीव घालू नका. टेबलांमधल्या उंच अ‍ॅक्रिलिक पाट्याही काढा. थेंब अडतात, पण हवाही कोंडते.

खोकणाऱ्याला घरूनच काम द्या. यावंच लागलं तर आयएस ९४७३ (गाळणाऱ्या मास्कचं भारतीय मानक) छापलेला, डोक्यामागे पट्टे असलेला मास्क द्या. झडपेचा नको, त्यातून उच्छ्वास न गाळताच बाहेर येतो.

हवापालट
पॅन्ट्री विसरू नका. जेवताना मास्क उतरतात आणि खोली लहान असते. एक प्युरिफायर तिथेच ठेवा, फुल स्पीडवर.