शाळेचं जुनं टेलिफोन एक्स्चेंज: काढायचं की ठेवायचं?

तांब्याची तार
आमच्या शाळेच्या समितीपुढे प्रस्ताव आलाय. जुनं ईपीएबीएक्स, म्हणजे खोल्यांतले फोन एकमेकांना आणि बाहेरच्या लाईनला जोडणारं शाळेतलं एक्स्चेंज, काढायचं, खोल्याखोल्यांत संगणकाच्या नेटवर्कवर चालणारे आयपी फोन बसवायचे आणि सगळं इंटरनेटवर न्यायचं. माझा विरोध आहे. कारण विचारलं तर उत्तर एकच, "जुनं झालंय." झालंय की! पण बंद कुठे पडलंय? एक्स्टेन्शनचं एक कार्ड जळलं, त्यावरचे फोन रिकाम्या पोर्टवर हलवले, झालं काम.

साध्या फोनला वेगळी वीज लागत नाही, ती एक्स्चेंजकडून त्याच दोन तारांतून येते. एक्स्चेंजला धड बॅटरी असली की अख्खी इमारत अंधारात गेली तरी फोन चालू. बॅटरीही संपली तर बऱ्याच ईपीएबीएक्समध्ये बाहेरची एखादी लाईन आपोआप एका ठरलेल्या फोनला थेट जोडली जाते. आयपीचं काय? फोन नेटवर्कला जोडणारा स्विच गेला, फोन गेला. राउटर गेला, बाहेरचे फोन गेले. इंटरनेट गेलं, तेच. एका साध्या कामाला मोडायच्या इतक्या जागा कशाला?

कार्यालयाची खिडकी
असहमत. रिंग वाजते म्हणजे फोन चालतो, असं लांबून वाटतं. शाळा भरायच्या वेळेला कार्यालयात येऊन बसा. बाहेरच्या लाईन दोन. एकीवर "आज ताप आहे, येणार नाही", दुसरीवर "बस अजून आली नाही". तिसऱ्या पालकाला एंगेज टोन. तो बिचारा फोन करत होता हे आम्हाला कळतच नाही, कारण त्याची कुठे नोंदच होत नाही. संध्याकाळी तोच तावातावाने विचारतो, "शाळेत फोन उचलायला कोणी नसतं का?"

आणि शाळा अचानक लवकर सोडायची वेळ आली की त्याच दोन लाईनवरून पालकांना आम्ही फोन लावायचे आणि तेही आम्हाला लावत असतात. शेवटी सगळा स्टाफ आपापला मोबाईल काढतो. मग ते एक्स्चेंज नक्की कोणासाठी आहे?

वर्गशिक्षिका
+१. शाळेचा फोन वापरायचा तर तास सोडून कार्यालयात जाऊन उभं राहा. म्हणून पालकांना स्वतःच्या मोबाईलवरून फोन करतो आणि नंबर कायमचा त्यांच्याकडे जातो. पुढे रात्री उशिरा "उद्या वही कुठली आणायची?" आयपीत मोबाईलवरच्या अ‍ॅपमधून फोन लावला तर पालकाला शाळेचा नंबर दिसतो. मला एवढी एक सोय मिळाली तरी पुरे.

तांब्याची तार
@कार्यालयाची खिडकी, लाईन कमी पडत असतील तर लाईन वाढवा. खोल्यांतले फोन बदलून एंगेज टोन जाणार आहे का?
@वर्गशिक्षिका, ते अ‍ॅप वाजणार तुमच्याच मोबाईलवर ना?

वर्गशिक्षिका
हो. पण शाळा सुटल्यावर ते बंद ठेवता येतं, कॉल परस्पर व्हॉइसमेलला जातो. माझा नंबर बंद ठेवला तर घरचेही अडकतात.

नेटवर्कवाला
दोन्ही बाजूंनी थोडी गल्लत होतेय.

आधी तारवाल्यांसाठी. आयपी फोनला इथरनेटच्या केबलमधूनच वीज देता येते, त्याचं मानक २००३ पासून आहे. रॅकमधल्या स्विचला, राउटरला आणि इंटरनेटच्या डब्याला एक चांगला यूपीएस लावला की तुमच्या मोडायच्या जागांपैकी बऱ्याच मिटतात. तो यूपीएस कोटेशनमध्ये आहे का एवढं बघा. बहुतेक वेळा नसतो!

"इंटरनेट पुरणार नाही" हीही भीती नको. जी.७११ या नेहमीच्या पद्धतीत आवाजाला सेकंदाला ६४ किलोबिट लागतात. आवाज डेटाच्या छोट्या पाकिटांतून जातो, त्या पाकिटांवरचा पत्ता वगैरे धरूनही नव्वदीच्या आत. दहा जण एकदम बोलले तरी एक मेगाबिटही भरत नाही. दुखणं वेगळंच असतं. संगणक कक्षातली सगळी यंत्रं एकदम अपडेट घ्यायला लागली की आवाजाची पाकिटं रांगेत अडकतात, मग "हॅलो... हॅलो... ऐकू येतंय का?" आवाज एका बाजूने पोचायला १५० मिलिसेकंदांच्या आत वेळ लागावा, अशी आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची शिफारस आहे. त्यासाठी फोनचं व्हीलॅन, म्हणजे त्याच नेटवर्कमधला स्वतंत्र भाग, वेगळं हवं आणि त्याला प्राधान्य हवं. हे काम न करता फोन नुसते टेबलावर ठेवून जाणारे इन्स्टॉलर भरपूर आहेत.

आता बदलवाल्यांसाठी. तांब्याची इथरनेट केबल १०० मीटरपर्यंत. टेलिफोनच्या तारांची जोडी किलोमीटरभर सहज जाते. फाटकावरची केबिन, मैदानापलीकडचं सभागृह, तिथे आयपी फोन हवा तर फायबर टाका किंवा मध्ये स्विच बसवा. कोटेशन फुगतं ते इथे. अशा ठिकाणी जुनी तार राहू द्या आणि गेटवेने, म्हणजे जुनी तार आणि आयपी यांना जोडणाऱ्या डब्याने, नव्या यंत्रणेला जोडा. फक्त एका इमारतीतून दुसरीत उघड्यावरून गेलेली तांब्याची तार वीज पडली की झटका आत आणते. कार्ड जळायचं ते एक नेहमीचं कारण आहे. फायबरला तो धोका नाही.

सावध पालक
सगळे सोयीचंच बोलताय, आणीबाणीचं कोण बघणार? ईपीएबीएक्सवर बाहेरची लाईन घ्यायला आधी ० किंवा ९ दाबावं लागतं. अमेरिकेत २०१३ मध्ये टेक्सासमधल्या एका हॉटेलात कारी हंट यांच्यावर हल्ला झाला. त्यांची लहान मुलगी खोलीतून पुन्हा पुन्हा ९११ हा तिथला आणीबाणीचा नंबर लावत राहिली. फोन लागला नाही, कारण आधी आणखी एक ९ हवा होता. त्या वाचल्या नाहीत. पुढे तिथे त्यांच्या नावाने कायदा झाला आणि फेब्रुवारी २०२० पासूनच्या नव्या यंत्रणांना आणीबाणीचा नंबर थेट लागणं सक्तीचं झालं. शाळेत तो फोन बदली शिक्षकाला किंवा एखाद्या मुलालाही करावा लागू शकतो.

आणि फोन कुठल्या खोलीतून आला? जुन्या यंत्रणेत एक्स्टेन्शन तारेला बांधलेलं असतं. आयपी फोन कोणी उचलून दुसऱ्या खोलीत लावला तर नंबर तोच राहतो आणि नोंदीत खोली जुनीच.

तांब्याची तार
हा मुद्दा माझ्या बाजूचा. धन्यवाद!

सावध पालक
अर्धाच. तुमच्या एक्स्चेंजवर ० न दाबता आणीबाणीचा नंबर लागतो का, तपासलंय कधी?

तांब्याची तार
ते सेटिंग असेल तर करून घेऊ, त्यासाठी यंत्र फेकायची गरज नाही. मुळात इंटरनेटला जोडलेलं एक्स्चेंज म्हणजे चोराला आमंत्रण. कच्चा पासवर्ड ठेवला की सुट्टीत कोणीतरी आत शिरून परदेशी महागड्या नंबरांवर फोन लावत बसतं आणि बिल शाळेच्या नावावर.

नेटवर्कवाला
खरंय, म्हणून परदेशी कॉल मुळातच बंद ठेवायचे. आणि जुनी ईपीएबीएक्सही अशी लुटली गेली आहेत, व्हॉइसमेलच्या वाटेने.

अजून एक. तारेची लाईन ठेवायची की नाही हे कायम आपल्या हातात राहील असं नाही. ब्रिटनमध्ये जुनं टेलिफोन जाळंच बंद होतंय. मुदत डिसेंबर २०२५ होती, ती जानेवारी २०२७ अखेरपर्यंत वाढवली. मोठी अडचण होती घरात एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या मदतीच्या अलार्मची, कारण ते त्याच लाईनवर चालतात. शाळेतही लिफ्टमधला फोन, आगीचा अलार्म, फॅक्स कुठल्या लाईनवर आहेत ते आधी लिहून काढा. लाईन कापल्यावर कळून उपयोग नाही.

तांब्याची तार
समितीत मी एवढंच मांडणार: बाहेरच्या लाईनसाठी गेटवे घ्या, खोल्यांतल्या फोनना हात लावू नका.

कार्यालयाची खिडकी
मांडा. पण त्याआधी खोल्यांतले फोन एकदा उचलून बघा. प्रयोगशाळेतल्या फोनचं ३ चं बटण उठत नाही, रिसीव्हरची वायर चिकटपट्टीने धरलीय. ग्रंथालयातला कानाला लावला की नुसती खरखर. एक्स्टेन्शनची यादी कार्यालयातून घेऊन जा, निम्मी नावं बदली होऊन गेलेल्यांची आहेत.